हळदीच्या हाताला संदर्भ हवा

ये, अशी जवळ येऊन बस. कागदावरच का होईना, बस. आणि आधी मला बोलून घेऊ दे, मग रुसायचं तर रूस. तुझं लेकरू पालथं पडायला लागलं, मुठी चोखायला लागलं. शेजारणींनी पाहिलं, दूधवाल्यानं पाहिलं, आणि तुझ्या आजीनं अजून पाहिलं नाही. पुलगावहून आर्वी म्हणजे काही काशी-रामेश्वर नाही गं. एसटीत बसलं की डुलकी लागायच्या आत उतरायचं. पण दर वेळी फोनवर तुझं एक कारण तयार. ऊन आहे. बाळाला सर्दी आहे. सासूबाईंचा गुडघा धरला आहे. परवा मात्र कारण सांगता सांगता तू थांबलीस आणि आवाज बारीक करून विचारलंस, "मावशी, ते नेटवर आजीबद्दल लिहिलंय... तसं काही होतं का?"

मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. आजी बाजूलाच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला आता दिसत नाही म्हणण्यासारखंच दिसतं, पण कान शाबूत आहेत.

"कोन होतं?"

"पुलगावची."

"येते का लेकरू घेऊन?"

"येईल."

"तिच्या सासूनं नाई म्हटलं असन," असं म्हणून ती पुन्हा शेंगा सोलू लागली.

तुझी आई असती तर तिनं तुला दोन धपाटे घालून आणलं असतं. माझ्यात तेवढं बळ नाही, म्हणून लिहून सांगते. तू जे वाचलंस ते कुठून आलं, मला सगळं ठाऊक आहे. त्याच्या पायी मी म्हातारपणी एक नवी विद्या शिकले. शिकले, पास झाले, आणि पास होऊन काय मिळालं तेही सांगते.

तुझी आजी सुईण होती एवढं तुला माहीत आहे. तिच्या सासूकडून शिकली. आमच्या त्या लहानशा गावात दुसरी सुईण नव्हती. आणि गावाची एक रीत होती, ती तुझ्या आईनं तुला सांगितली की नाही कोण जाणे. लेकरू जन्मलं की पाचवीला सुईणीला पाटावर बसवायचं. घरातल्या सासूनं तिच्या हातांना आधी गोडं तेल चोळायचं. मग सुईणीनं उजवा हात हळदीत बुडवून दाराशेजारच्या भिंतीवर उमटवायचा. ज्या घरात जितकी लेकरं, तितके पिवळे हात. पोळ्याला, दिवाळीला बायका भिंती सारवायच्या तेव्हा तेवढी जागा सोडून सारवायच्या. मी शाळेत जाताना मोजत नसे, पण घर कोणाचं ते हातांच्या मांडणीवरून ओळखायची. आईच्या उजव्या हाताची करंगळी जरा वाकडी आहे बघ, तो वाक सगळ्या भिंतींवर होता.

माझं लग्न होऊन मी आर्वीला आले आणि नंतरच्या एका हिवाळ्यात गावातली बाळं एकामागून एक गेली. दूध ओढेनाशी व्हायची आणि जायची. का गेली, आईला माहीत नाही. डॉक्टर आला तोवर पुरून झालेली. आई घरोघर जाऊन बसली, रडली. मग एका सकाळी ती पाण्याला निघाली तर पहिल्या घराची भिंत ओली. दुसऱ्या घराची ओली. अख्ख्या आळीत शेणाचा वास. रात्रीतून बायकांनी भिंती सारवून टाकल्या होत्या, जागा न सोडता.

तिला कोणी शिवी दिली नाही. कोणी दगड मारला नाही. हाकललं तर मुळीच नाही. हाकललं असतं तर भांडता आलं असतं. नुसतं बोलावणं बंद झालं. वर्षभर ती दारात बसायची, कोणाचे दिवस भरले ते बोटांवर धरून. मग मी गेले आणि तिला इथं घेऊन आले. ती पुन्हा गावात गेली नाही.

हे झालं जुनं. आता नेटचं सांगते.

तुझे काका डेपोतून रिटायर झाले आणि मुलानं आम्हाला एक कॉम्प्युटर आणून दिला, फोनच्या वायरीवर चालणारं नेट लावून दिलं. काकांनी दोन दिवस पत्ते खेळले आणि सोडून दिलं. मी नाही सोडलं. सातवी शिकलेली बाई, पण वाचायची खोड जन्माची. एक-एक अक्षर शोधत मराठी टाइप करायला शिकले. असं शोधता शोधता तो ज्ञानकोश सापडला, ज्यात कोणीही यावं आणि लिहावं. मला वाटलं, हे तर भंडाऱ्याच्या पंगतीसारखं आहे! ज्याला जमेल त्यानं वाढायला लागावं.

पहिलं मी आर्वीच्या पानावर लिहिलं, "येथील बाजारात फार सुंदर कापूस येतो." दुसऱ्या दिवशी 'फार सुंदर' गेलेलं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, हे मत आहे, माहिती नाही. मी काकांना दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. व्यापाऱ्याले विचार, तो म्हणन कापूस भिकार हाय." मग मी जवसाच्या चटणीवर लिहिलं. तिथं प्रत्येक ओळीच्या शेवटी चिमुकली निळी अक्षरं येऊन बसली: संदर्भ हवा. चटणीला संदर्भ! मी हसून लोटपोट. पण ग्रंथालयातून पाककृतीचं एक पुस्तक आणलं, पान नंबर दिला, तेव्हा ती अक्षरं गेली. मला मजा वाटायला लागली. बरोबर लिहिलं की टिकतं, भोंगळ लिहिलं की जातं. सासरी इतका सरळ न्याय मला कधी मिळाला नव्हता.

त्याच दिवसांत गावाहून सरपंचीणबाई आल्या. नवीन पोरगी, कोणाची तरी सून, आईला ओळखतही नव्हती. सोबत दोघी-तिघी. म्हणाल्या, गावात उपकेंद्र बांधलं आहे, बाळंतपणाची खोली आहे, नर्सबाई येणार. उद्घाटनाला आजींना घेऊन यायचं. त्या नव्या भिंतीवर पहिला हळदीचा हात त्यांचाच पाहिजे.

मी आईकडे पाहिलं. ती पदराचा काठ चाचपत होती. त्या गेल्यावर मला म्हणाली, "त्याइले कोनं सांगतलं असन रीत?"

"म्हाताऱ्या बायका आहेत ना अजून."

"हं." मग तळहात एकमेकांवर घासत, "तेल आन बरं गोडं. हात पार उलले माहे."

त्या दिवसापासून ती रोज दुपारी हातांना तेल चोळत बसे. पाहणाऱ्याला वाटावं म्हातारीचे सांधे दुखतात.

मला आनंद झाला होता. वाटलं, आपल्याला आता लिहिता येतं, आपण गावाच्या पानावर आईची रीत लिहू. गावाचं पान आधीच होतं. उघडलं. लोकसंख्या, पिकं, मारुतीचं देऊळ. आणि 'लोकजीवन' म्हणून मथळा, त्याच्याखाली ही ओळ: "असे म्हटले जाते की गावात पूर्वी एक करणी करणारी सुईण होती. तिच्या हळदीच्या हाताचा ठसा ज्या घरावर उमटे, त्या घरातील मूल दगावत असे. अखेर गावकऱ्यांनी तिला हाकलून दिले."

मी ती वाचली. मागे आई बसली होती, हाताला तेल लावत. तिनं विचारलं, "काय लिवलं हाय गावाचं?"

म्हटलं, "मारुतीचं देऊळ."

ती ओळ मी पुसली आणि तिच्या जागी सगळं खरं लिहिलं, आईचं, रीतीचं, सारवलेल्या भिंतींचं. संध्याकाळी पाहिलं तर माझं गेलेलं, ती ओळ परत आलेली. मी पुन्हा पुसली. ती पुन्हा आली. असं बराच वेळ चाललं आणि मग मलाच दार बंद झालं. दोन दिवस लिहिता येणार नाही, कारण: संपादन-युद्ध. त्या कोशावर देखरेख करणारे असतात, प्रचालक म्हणतात त्यांना. त्यातल्या एकानं माझ्या पानावर निरोप ठेवला होता. माणूस कुठला, बाई की बुवा, मला आजही माहीत नाही.

"नमस्कार. आपण केलेले बदल परतवले आहेत. व्यक्तिगत आठवणींना ज्ञानकोशात स्थान नाही. कृपया विश्वसनीय, त्रयस्थ व प्रकाशित संदर्भ द्यावा."

मी लिहिलं, "मी त्या बाईंची मुलगी आहे. माझ्याहून जास्त कोणाला माहीत असणार?"

उत्तर आलं, "म्हणूनच आपण या विषयावर लिहू नये, अशी विनंती. यास हितसंबंध म्हणतात."

"म्हणजे ज्यानं तिला पाहिलंसुद्धा नाही, त्यानं लिहिलं तर चालेल?"

"प्रकाशित असल्यास, होय."

"मग त्या ओळीला तरी कुठं संदर्भ आहे?"

हे मात्र त्यांना पटलं. त्यांनी त्या ओळीशेजारी 'संदर्भ हवा' लावलं आणि कळवलं की ज्यानं लिहिलं त्याला संदर्भ द्यायला वाजवी मुदत द्यावी लागते. तोवर ओळ राहील. मी नियमांची पानं वाचून काढली. त्यात एक सापडलं, की जिवंत माणसाची बदनामी असेल तर मुदतबिदत काही नाही, ताबडतोब काढायची. मी धावत जाऊन तो नियम त्यांच्यापुढं ठेवला.

"ओळीत कोणाचेही नाव नाही," उत्तर आलं. "ती जिवंत व्यक्ती कोण, हे आपण संदर्भासह दाखवावे."

समजलं का तुला? आईला वाचवायचं असेल तर आधी मी जगाला कागदानिशी सिद्ध करून द्यायचं, की ती करणीवाली म्हणजे माझी आई. बोलणं इतकं गोड, नमस्कारानं सुरू आणि धन्यवादानं शेवट. कोणी भांडायला तरी पाहिजे होतं.

ओळ लिहिली कोणी, ते शोधायला वेळ लागला नाही. त्या कोशात प्रत्येक पानाला 'इतिहास' म्हणून एक जागा असते. तिथं कोणी काय केव्हा लिहिलं ते सगळं राहतं. टोपणनावात गावाचं नाव होतं आणि पुढं 'गुरुजी'. गावात घरी कॉम्प्युटर असलेले रिटायर गुरुजी एकच. मी सकाळच्या गाडीनं गेले.

गुरुजींनी खुर्ची दिली, चहा मागवला. फार सभ्य माणूस, शेवटपर्यंत सभ्यच राहिला.

"हो, मीच लिवलं बाई. पण मी माह्या मनानं नाई लिवलं. 'असे म्हटले जाते' लिवलं. पाहा ना."

"कोण म्हणतं?"

"गाव म्हनते."

"गावातलं कोण?"

"आता एक नाव कसं सांगू? आनि बाई, पानाले काई रंगत पाह्यजे ना. लोकसंख्या आनि सोयाबीन, कोन वाचन ते? आपलं गाव जगात कोनी ओळखावं, यासाठी करून राह्यलो मी. माहा काय फायदा?"

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही आईच्याच हातचे. तुमच्याही दाराशी हात होता. मी पाहिला आहे."

ते हसले. कपातला चहा बशीत ओतला. "असन बाई. पन त्याले संदर्भ पाह्यजे ना."

त्या शब्दानं मी पेटले. संदर्भच पाहिजे ना? देते. आणि मग मी काय केलं, ते आज आठवलं तरी मला हसू येतं. आपल्याकडं खरं-खोटं कसं ठरतं? बांधाचं भांडण असो, गाय मरो, घर जळो. चार माणसं बोलवायची, पंचनामा करायचा, सह्या-अंगठे घ्यायचे. तहसीलला चालतो, पोलिसात चालतो, मग कोशाला का नाही चालणार? मी दुकानातून कागद आणला, शाईची डबी आणली आणि गावात घरोघर पंच शोधत फिरले. लिहून नेलं होतं: अमुक बाई चाळीस वर्षं सुईण होती, तिनं कोणाचं वाईट केलं नाही, तिला कोणी हाकललं नाही, हळदीचा हात ही गावाची शुभ रीत आहे.

चार म्हाताऱ्यांनी अंगठे दिले. एक तर म्हणाली, "अंगठा काय मांगतं वं, माहा अख्खा हातच घे." दोन घरांनी दार लावून घेतलं. पाचवी राहिली नाल्याकाठची बुढी. तिचं पहिलं लेकरू त्याच हिवाळ्यात गेलं होतं. मी तिच्या दारात उभी राहिले. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"देईन अंगठा," ती म्हणाली. "तिनं मारलं नाई, मले मालूम हाय. मी बी भिंत सारवली होती थ्या राती. सासू उभी होती मांगं. पन माह्यं लेकरू मेलं, हे बी लिवजो."

"ते कशाला?"

"काऊन कशाले? तुह्या मायचं नाव लिवतं, तं माह्या लेकराचं नको लिवू? पोरगा होता. पाचवी झाली होती त्याची. इतके वर्स झाले, कोनी कुठीच नाई लिवलं ते."

मी लिहिलं. तिच्यासमोर, तिच्या शब्दांत. तिनं अंगठा उठवला आणि पदरानं शाई पुसत बसली. जाताना म्हणाली, "तुह्या मायले म्हनजो, याद हाय मले तिचा हात. गरम होता."

फोटोच्या दुकानात त्या कागदाचा फोटो करून घेतला आणि कोशावर चढवला. वाटलं, आता बोला म्हणावं. एका दिवसात उत्तर. "नमस्कार. सदर दस्तऐवज आपण स्वतः तयार केलेला असून अप्रकाशित आहे. यास मूळ संशोधन म्हणतात व ते ग्राह्य नाही. चित्र वगळण्यात आले आहे. धन्यवाद." माझ्या आईसाठी दिलेले अंगठे गेले, आणि त्या बुढीचं लेकरू, पहिल्यांदा कुठं तरी लिहिलेलं, तेही गेलं.

आणि तिकडं वाजवी मुदत चालूच होती. त्या मुदतीत काय झालं? उद्घाटन जवळ आलं म्हणून जिल्ह्याच्या एका पेपरनं गावावर अर्धं पान काढलं. वार्ताहर गावात आला की नाही, देव जाणे. पण त्यानं नेटवरून गावाचं पान उचललं आणि जसंच्या तसं छापलं. लोकसंख्या, पिकं, मारुतीचं देऊळ, आणि करणी करणारी सुईण. फक्त 'संदर्भ हवा' तेवढं गाळलं. वर ठळक मथळा दिला, तो मी तुला सांगत नाही.

दोन दिवसांत गुरुजींनी त्या पेपरची तारीख, पान, सगळं नीट भरून त्या ओळीला संदर्भ जोडला. निळी अक्षरं गेली. ओळ पक्की झाली. तिला आता खाली तळटीपेचा आकडा होता, तुझ्या आजीच्या नावाला कधी मिळाला नाही असा.

सरपंचीणबाईंचा फोन आला. बिचारी अडखळत होती. "काकू, गावात बोलनं सुरू झालं हो. ज्याइच्या घरी दिवस भरत आले, ते म्हनून राह्यले की त्या खोलीत आमी जानार नाई. आजीचा हात लागला तं. मले मालूम हाय खोटं हाय. पन वाद नको. पुढच्या टायमाले बोलावू आजीले."

"पुढच्या टायमाला काय, उपकेंद्राचं दुसऱ्यांदा उद्घाटन करता का?"

तिकडून फोन ठेवला गेला.

आईला मी सांगितलं, की उद्घाटन पुढं गेलं. तिनं हाताला तेल लावणं थांबवलं नाही, पण मला वाटतं तिला कळलं होतं. दुपारी तेल लावताना आता ती दाराकडं पाठ करून बसायला लागली.

मी रडले नाही. मी अभ्यासाला बसले. कोशाचे नियम एक-एक करून वाचले, न समजलेले दोनदा वाचले. आणि मिळाला. एक नियम असा होता, की जो संदर्भ मुळात कोशातूनच उचलला आहे, तो कोशाला चालत नाही. सावलीला धरून माणूस सिद्ध करता येत नाही, असं काहीतरी. आता फक्त दाखवायचं होतं, कोण आधी आणि कोण नंतर. ते 'इतिहासात' लख्ख होतं. ओळ आधी, पेपर नंतर. शब्दाला शब्द, पिकांच्या यादीत गुरुजींचा चुकून दोनदा पडलेला स्वल्पविरामसुद्धा पेपरात तसाच. मी प्रचालकांना त्यांच्याच भाषेत लिहिलं. 'नमस्कार'नं सुरू केलं. 'आई' हा शब्द एकदाही वापरला नाही. 'सदर मजकूर', 'सदर वृत्त', 'प्रकाशनाचा क्रम'. शेवटी 'धन्यवाद'.

त्याच दिवशी उत्तर आलं. "आपले म्हणणे ग्राह्य आहे. मजकूर काढला आहे. आपण नियम उत्तम आत्मसात केले आहेत. असेच योगदान देत राहावे."

मी उठून काकांना हाक मारली. जिंकले म्हटलं! त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "अवं, पन इथं तं आता काईच नाई."

खरंच नव्हतं. 'लोकजीवन' हा मथळाच उडवला होता. सुईण नाही, हळदीचा हात नाही, रीत नाही. मारुतीचं देऊळ राहिलं होतं. मी विचारलं, की खरं होतं ते तरी लिहू का, निदान रीत? उत्तर मला तोंडपाठ होतं, तरी वाट पाहिली. "प्रकाशित संदर्भ मिळाल्यास अवश्य."

तोवर उद्घाटन होऊन गेलं होतं. ज्या पाहुण्यांना बोलावलं होतं, त्यांच्या पत्नीच्या हातानं भिंतीवर ठसा उमटवून घेतला. म्हाताऱ्या बायकांनी हट्ट धरला म्हणे, की रीत तरी मोडू नका. पेपरात फोटो आला. छान साडी, हातात बांगड्या, भिंतीवर पिवळा हात, सगळी बोटं सरळ. आणि आठवड्याभरानं गावाच्या पानावर नवी ओळ दिसली. गुरुजींची. "शुभकार्यप्रसंगी प्रमुख पाहुण्यांच्या पत्नीच्या हस्ते हळदीचा ठसा उमटवण्याची परंपरा गावात आहे." खाली आकडा. पेपर, तारीख, पान. सगळं नियमात.

मी त्या ओळीसमोर किती वेळ बसले असेन. खोटी आहे ती ओळ. आणि तिला काढायला माझ्याकडं एकही नियम नाही. वार्ताहर हजर होता, पेपरनं स्वतः पाहून छापलं, कोशातून उचललं नाही. मी बदल केला तर दुसऱ्या मिनिटाला परतवतील, आणि परतवणाऱ्याचं बरोबर असेल. मी शिकले होते ना. मी कॉम्प्युटर बंद केला, त्याच्यावर टेबलक्लॉथ घातला. तू विचारलं होतंस एकदा, मावशी, लिहिणं का सोडलंस. हे असं सोडलं.

आईला मी ते पेपरातलं वाचून दाखवलं. लपवून काय करणार होते? फोटोही कसा आहे ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तिच्या हाताले आधी तेल लावलं होतं का कोनी?"

"फोटोत कसं कळणार?"

"नाई लावलं असन. कोनाले मालूम हाय आता." तिनं स्वतःचे हात पुढं करून एकावर एक ठेवले. "बिन तेलाची हळद लई दिवस राह्यते नखात. जेवाले बसलं की वास येते. सांगा लागत होतं तिले."

मी गावात अंगठे मागत फिरले, ते तिला कुठून तरी कळलं होतं; मग ती म्हणाली, "नाल्याकाठची काय म्हने?"

मी म्हटलं, "तुझा हात आठवते म्हणाली. गरम होता."

आई त्या दिवशी लवकर आडवी झाली. जेवलीही नाही.

आता राहिलं तुझं. तू म्हणशील, मावशी, ती ओळ तर काढली ना, मग मी वाचलं ते काय? पोरी, कोशातलं उचलून आपल्या दुकानात मांडणाऱ्या दुसऱ्या किती तरी जागा आहेत नेटवर. एकदा उचललेलं ते खाली ठेवत नाहीत. मी तीन-चार ठिकाणी लिहून पाहिलं. तिथं नमस्कारसुद्धा कोणी करत नाही. तुझ्या घरी कोणीतरी तिथंच वाचलं असणार, तुझं आजोळ म्हणून हौसेनं शोधताना. तुझ्या सासूबाईंना मी नावं ठेवत नाही. लेकराच्या बाबतीत बाई भिते. ज्यांनी त्या रात्री भिंती सारवल्या, त्याही भ्यायलेल्याच होत्या.

मी तुला पुरावा देऊ शकत नाही. माझ्याकडं पाच अंगठ्यांचा एक कागद आहे, जो चालत नाही. आणि म्हातारी आहे. तू स्वतः तिच्या हातची आहेस. तुझी आई बाळंतपणाला इथं माझ्याकडं आली, तेव्हा दवाखान्याची गाडी यायच्या आत तू आलीस, या मधल्या खोलीत. त्या खोलीच्या दाराशेजारी रंग देताना मी एक जागा अजून सोडते. काका दर वेळी कुरकुरतात. करंगळी वाकडी आहे, येऊन पाहा.

परवा तुझा फोन ठेवल्यावर ती थोड्या वेळानं म्हणाली, "लेकराले नको आनू म्हना, तिले एकलीलेच येऊ दे." मी ऐकलं नाही असं दाखवलं. तू तिचं ऐकू नको. लेकरू घेऊनच ये. पाचवी कधीचीच होऊन गेली, तरी चालेल. गोडं तेल आणलेलं आहे, हळद घरचीच कुटलेली आहे. सासूबाईंनाही आण, खिचडी-कढी करीन. उद्या नाही जमलं तर बाजाराच्या दिवशी ये, त्या दिवशी गाड्या जास्त असतात. पण ये, बाई. तिचे हात आता थंड पडायला लागले आहेत, लवकर ये.